कुरोबेच्या काठावरील शरद : पानांचे रंग, धरणाचे पाणी आणि १७१ नावे

जपानच्या होन्शू बेटाच्या मध्यभागी, जवळजवळ तीन हजार मीटर उंचीच्या दोन पर्वतरांगांमधील खोल दरीत, कुरोबे नावाचा जलाशय आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात त्याच्या काठावरील लहानशा पायवाटेवर देशोदेशीचे पर्यटक दिसू लागतात. दोन्ही बाजूंचे डोंगर तांबड्या, केशरी आणि सोनेरी पानांनी भरलेले असतात, शिखरांवर कधी नवे हिम पडलेले असते आणि खाली हिरवट निळे पाणी असते. वाट सोपी आहे. चालण्याची साधी सवय असलेल्या कोणालाही ती सहज जमते.

मात्र ही वाट सोपी झाली कशी, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. सात दशकांपूर्वी या दरीत येणे निष्णात गिर्यारोहकांनाही कठीण होते. आज बस थेट धरणाच्या दारात येते, याचे कारण पर्यटन नव्हे, तर वीज आहे. त्या विजेसाठी १७१ माणसांनी येथे प्राण गमावले. पानांचा रंग कशामुळे येतो आणि ही वाट कशामुळे झाली, हे दोन्ही कळले, तरच कुरोबेचा शरद पुरता पाहिला असे म्हणता येईल.

वाट कशी आहे

कुरोबे धरण तोयामा प्रांतात, चुबू सांगाकू राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहे. तेथे खासगी मोटारीने जाता येत नाही. पूर्वेकडून नागानो प्रांतातील ओगिसावा या ठिकाणाहून विजेवर चालणारी बस बोगद्यातून सुमारे सोळा मिनिटांत धरणापाशी पोहोचते. पश्चिमेकडून येणाऱ्यांना तातेयामा पर्वत ओलांडावा लागतो. २,४५० मीटर उंचीवरील मुरोदो येथून दाइकान्बो, तेथून रज्जुमार्गाने कुरोबेदाइरा आणि शेवटी पूर्णपणे जमिनीखालून उतरणारी केबल कार, असा तो प्रवास आहे. दाइकान्बो ते कुरोबेदाइरा हा रज्जुमार्ग १.७ किलोमीटर लांबीचा असून मध्ये त्याला एकही खांब नाही. त्यामुळे शरदात दरीचा रंगीत उतार कोणत्याही अडथळ्याविना नजरेस पडतो. हा संपूर्ण मार्ग १९७१ मध्ये खुला झाला. हिवाळ्यात तो बंद असतो आणि साधारण एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत सुरू राहतो.

बसमधून उतरल्यावर दोन पर्याय असतात. एक म्हणजे २२० पायऱ्या चढून निरीक्षण सज्जावर जाणे, दुसरा म्हणजे सरळ धरणाच्या माथ्यावर येणे. धरणाचा माथा ४९२ मीटर लांब असून समुद्रसपाटीपासून सुमारे १,४५० मीटर उंचीवर आहे. रमतगमत चालले तरी पंधरा मिनिटांत पलीकडचा काठ येतो. दक्षिणेला, जलाशयाच्या वरच्या अंगाला, २,८६४ मीटर उंचीचा अकाउशी पर्वत दिसतो. त्याच्या नावाचा अर्थ ‘लाल बैल’ असा होतो.

पश्चिम काठावरून पाण्याच्या कडेने पायवाट सुरू होते. बीच, मेपल आणि भूर्ज यांच्या रानातून, थोड्या चढउतारांनी, ती अर्ध्या तासात कानपादानी नावाच्या ओढ्यावरील झुलत्या पुलाशी येते. बहुतेक पर्यटक येथे थांबून परततात. धरणाच्या माथ्यासह जाऊन येऊन दीड ते दोन तास हाताशी असावेत. पुलापलीकडील वाट लांबत जाते आणि कठीणही होते. पुढे काही तासांच्या अंतरावर ताइरा येथे जलाशय ओलांडण्यासाठी होडी मिळते. धरणाच्या पाण्यामुळे डोंगरातील जुना मार्ग तुटला, म्हणून वीज कंपनी ती विनामूल्य चालवते. मात्र तो टप्पा अनुभवी गिर्यारोहकांचा आहे.

पाने रंग का बदलतात

जपानी भाषेत या रंगपालटाला ‘कोयो’ म्हणतात. ज्या दोन चिन्हांनी हा शब्द लिहितात, त्यांचा अर्थ ‘लाल पाने’ असा आहे. शरदात केवळ रंग पाहण्यासाठी डोंगरात जाण्याला ‘मोमिजीगारी’, म्हणजे जणू लाल पानांची शिकार, असे म्हटले जाते.

पानांत हरितद्रव्य असते आणि त्याच्या साहाय्याने झाड सूर्यप्रकाशातून अन्न तयार करते. हे द्रव्य सतत मोडते आणि झाड ते सतत नव्याने घडवते. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री थंडावल्या की हा व्यवहार झाडाला परवडेनासा होतो. हिवाळ्यात पाणी गोठते, मुळांना ते शोषता येत नाही आणि रुंद पाने मात्र बाष्प गमावत राहतात. म्हणून झाड आधीच आवराआवर सुरू करते. हरितद्रव्य मोडले जाते आणि पानातील नायट्रोजनासारखी मोलाची द्रव्ये फांदीत व खोडात परत नेली जातात. देठाच्या बुडाशी पेशींचा एक विशेष थर तयार होतो आणि अखेरीस तेथून पान सुटून येते.

हिरवा रंग ओसरला की पानात आधीपासून असलेले पिवळे रंगद्रव्य, म्हणजे कॅरोटिनॉइड, दिसू लागते. कुरोबेच्या उतारांवरील भूर्जवृक्षांचा सोनेरी रंग हाच. तो नवा आलेला नसतो, केवळ उघडा पडलेला असतो. हा जपानी भूर्ज आपल्या हिमालयातील भूर्जपत्राच्या झाडाचाच सगोत्र आहे.

तांबडा रंग मात्र नव्याने तयार होतो. पानात शिल्लक राहिलेली साखर आणि स्वच्छ ऊन यांच्या योगाने अँथोसायनिन नावाचे रंगद्रव्य बनते. मेपल आणि नानाकामादो ही झाडे त्यामुळे लालभडक होतात. नानाकामादोच्या नावाची एक लोकप्रिय फोड अशी की, सात वेळा चुलीत घातले तरी त्याचे लाकूड जळत नाही. पान काही दिवसांत गळणारच असताना झाड त्यावर नवा रंग का खर्च करते, याविषयी वैज्ञानिकांत मतभेद आहेत. एका मतानुसार हा रंग छत्रीचे काम करतो. हरितद्रव्याचे कार्य मंदावले असताना तीव्र प्रकाशाने पानाची हानी होऊ नये आणि द्रव्ये परत नेण्यास अवधी मिळावा, हा त्याचा उपयोग. दुसऱ्या मतानुसार तो कीटकांना दूर राहण्याचा इशारा आहे.

दिवसा निरभ्र ऊन, रात्री थंडी, पण कडक दहिवर नाही, असे हवामान लागले तर रंग अधिक खुलतो. ढगाळ, उबदार शरदात तो फिका पडतो. वादळी पाऊस झाला तर पाने रंगण्याआधीच झडतात. म्हणून दोन वर्षांचे रंग सहसा सारखे नसतात.

रंग डोंगर कसा उतरतो

वसंतात फुलांचा बहर डोंगर चढतो, तर शरदात पानांचा रंग डोंगर उतरतो. जपानमध्ये असा ढोबळ ठोकताळा सांगितला जातो की, रात्रीचे किमान तापमान आठ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की रंगपालटास आरंभ होतो आणि पाच अंशांच्या खाली गेले की तो वेग घेतो. डोंगरावर दर शंभर मीटर उंचीमागे तापमान सुमारे ०.६ अंशाने कमी होते. मुरोदो आणि कुरोबे धरण यांच्या उंचीत एक हजार मीटरचा फरक आहे. म्हणजे दोहोंच्या तापमानात साधारण सहा अंशांचे अंतर पडते.

याचा परिणाम दिनदर्शिकेवर स्पष्ट दिसतो. मुरोदो परिसरात सप्टेंबरच्या उत्तरार्धातच रंग भरतो. दाइकान्बोवर तो ऑक्टोबरच्या आरंभी, कुरोबेदाइरावर मध्यावर आणि धरणाच्या काठावर मध्यापासून अखेरपर्यंत येतो. एकच डोंगर तीन ते चार आठवडे वरून खाली रंगत जातो. शिखरावर पहिले हिम पडलेले असताना मधला पट्टा तांबडा-सोनेरी आणि पायथा अजून हिरवा असेल, तर त्या दृश्याला ‘तीन थरांचा कोयो’ म्हणतात. हे दृश्य काही दिवसच टिकते.

येथे पर्यटकांसमोर एक निवड असते. धरणातून पर्यटकांसाठी सोडला जाणारा पाण्याचा फवारा २६ जून ते १५ ऑक्टोबर या काळातच असतो. दर सेकंदाला दहा घनमीटरहून अधिक पाणी धुक्यासारखे उडवले जाते. एकसंध धार पडून नदीचे पात्र खचू नये, हा त्यामागचा हेतू. फवारा आणि रंग दोन्ही पाहावयाचे असतील, तर ऑक्टोबरचा दुसरा आठवडा साधावा लागतो. काठावरचा पूर्ण रंग हवा असेल, तर फवाऱ्याचा मोह सोडावा लागतो.

या दिनदर्शिकेवर आता तापमानवाढीचा ठसा उमटू लागला आहे. जपानची हवामान संस्था १९५३ पासून ठरावीक झाडांच्या रंगपालटाची नोंद ठेवते. त्या नोंदींनुसार देशभरात मेपल रंगण्याचा दिवस दर दशकात सरासरी तीन दिवसांच्या आसपास पुढे सरकत आला आहे.

आपल्याकडे असे का होत नाही

मराठी वाचकाला शरद म्हणजे निवळलेले पाणी, निरभ्र आकाश आणि कोजागरीचे चांदणे आठवते. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तील शरदही काशपुष्पांचा, कमळांचा आणि हंसांचा आहे, गळत्या पानांचा नव्हे. भारतीय ऋतुचक्रात पानगळ शिशिराच्या वाट्याला येते. हा केवळ कल्पनेतील भेद नाही. त्यामागे हवामान आहे.

सह्याद्रीतील व मध्य भारतातील पानझडी वृक्ष थंडीमुळे नव्हे, तर पाण्याच्या टंचाईमुळे पाने टाकतात. पावसाळा सरल्यावर जमिनीत ओल टिकून असते, म्हणून ऑक्टोबरमध्ये रान हिरवेच राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल आटली की साग, पळस आणि सावर निष्पर्ण होतात. आपल्याकडे शरदाचा रंग जमिनीवर असतो. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवे फुलतात तो हाच सुमार. जपानी मेपलशी खऱ्या अर्थाने जुळणारे आपल्याकडील दृश्य वसंतात दिसते. कुसुंबाची कोवळी पालवी लालभडक असते आणि तो रंगही अँथोसायनिनचाच असतो. जपानी झाड निरोप देताना लाल होते, आपले झाड नव्याने येताना.

भूर्ज, मेपल आणि कडक हिवाळा हिमालयात मात्र एकत्र येतात. काश्मीरच्या खोऱ्यात चिनार लाल होतो आणि त्या ऋतूला तेथे ‘हरूद’ हे स्वतंत्र नाव आहे.

धरण येथेच का

कुरोबे नदी सुमारे ८५ किलोमीटर लांब आहे. एवढ्या अंतरात ती जवळजवळ तीन हजार मीटर उतरून जपानच्या समुद्राला मिळते. हिवाळ्यातील प्रचंड हिमवृष्टी आणि उन्हाळ्यातील पाऊस यांमुळे तिला भरपूर पाणी असते. भरपूर पाणी आणि मोठा उतार, जलविद्युत अभियंत्याला याहून अधिक काय हवे? उणीव होती ती वाटेची. अरुंद, कातळी दरी आणि वर्षातील निम्मा काळ हिमाखाली, यामुळे नदीचा वरचा भाग दुर्गम राहिला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओसाका आणि भोवतालचा कान्साई प्रदेश झपाट्याने उभा राहू लागला. कारखान्यांची मागणी वाढली आणि वीजकपात नित्याची झाली. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या कान्साई विद्युत कंपनीने अध्यक्ष शिरो ओतागाकी यांच्या पुढाकाराने कुरोबेवर मोठे धरण बांधण्याचा निर्णय घेतला. १९५६ मध्ये काम सुरू झाले. खर्च ५१.३ अब्ज येन झाला. त्यासाठी जागतिक बँकेचे कर्जही घेण्यात आले.

धरण कमानी आकाराचे आहे. अशा धरणात पाण्याचा दाब कमानीमार्फत दोन्ही बाजूंच्या कातळावर सोपवला जातो, त्यामुळे भिंत तुलनेने सडपातळ ठेवता येते. परंतु त्यासाठी बाजूचा कातळ भक्कम असावा लागतो. येथे वरच्या भागातील खडक तितका विश्वासार्ह नव्हता. म्हणून कमानीच्या दोन्ही टोकांना पंखांसारख्या स्वतंत्र भिंती जोडण्यात आल्या. आज माथ्यावरून चालताना दोन्ही टोकांशी जे वळण जाणवते, ते या भिंतींचे आहे. १८६ मीटर उंचीचे हे धरण जपानमध्ये सर्वांत उंच आहे. जलाशयात सुमारे २० कोटी घनमीटर पाणी मावते.

ऐंशी मीटर, सात महिने

सर्वांत मोठा प्रश्न साहित्य नेण्याचा होता. आरंभी माणसांनी पाठीवर ओझी वाहून तातेयामा पर्वत ओलांडला. यंत्रेही त्याच उंचीवरून आणावी लागली. खरा उपाय एकच होता, तो म्हणजे पूर्वेकडून डोंगर फोडून बोगदा काढणे.

१९५७ च्या मे महिन्यात हा बोगदा खणताना कामगार भग्न खडकांच्या पट्ट्यात शिरले. तेथील कातळ पिचलेला होता आणि त्यात पाणी साठलेले होते. सेकंदाला ६६० लिटर, चार अंश तापमानाचे पाणी आणि चिखल-दगड बोगद्यात कोसळू लागले. पट्ट्याची रुंदी अवघी ८० मीटर होती. तेवढे अंतर पार करण्यास सात महिने लागले. पाणी वाहून नेण्यासाठी बाजूने छोटे बोगदे काढले गेले. खडकात रसायने आणि सिमेंट भरून तो घट्ट करण्यात आला. डिसेंबरमध्ये वाट मोकळी झाली. पर्यटकांची बस आज याच बोगद्यातून जाते. तो ८० मीटरांचा भाग निळ्या दिव्यांनी दाखवलेला असतो आणि बस काही क्षणांत तेथून पुढे सरकते.

१९६३ च्या जूनमध्ये धरण पूर्ण झाले. सात वर्षांच्या कामावर हजर राहिलेल्या माणसांची एकूण मोजणी एक कोटीच्या घरात जाते. दरडी, हिमलोट, बोगद्यातील आणि वाहतुकीतील अपघात यांत १७१ जणांचा मृत्यू झाला. धरणाच्या पूर्व टोकाशी त्यांचे स्मारक आहे. सहा कामगारांच्या पुतळ्यांजवळ मृतांची नावे कोरलेली आहेत. १९६८ मध्ये या बांधकामावर आलेला ‘कुरोबे नो तायो’ हा चित्रपट जपानमध्ये अतिशय गाजला आणि कुरोबे हे नाव घराघरांत पोहोचले.

कोयनेशी नाते

महाराष्ट्राला ही कथा अनोळखी वाटू नये. कुरोबे उभे राहत होते, त्याच वर्षांत सह्याद्रीत कोयना प्रकल्प आकार घेत होता. दोन्ही ठिकाणी डोंगरातील पाणी बोगद्यांतून खाली नेऊन भूगर्भातील वीजगृहात वीज निर्माण करण्याची योजना होती. कोयनेचे पाणी पश्चिमेकडे वळवून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात नेले जाते. कुरोबेचे पाणी धरणाच्या सुमारे दहा किलोमीटर खालच्या अंगाला, डोंगराच्या पोटातील वीजगृहात जाते. हिमलोटांपासून संरक्षण आणि राष्ट्रीय उद्यानाचे निसर्गसौंदर्य राखणे, अशी दोन कारणे तेथे होती. म्हणूनच पायवाटेवरून पाहणाऱ्याला वीजगृहाचा मागमूसही लागत नाही. त्याची क्षमता सुमारे ३ लाख ३५ हजार किलोवॅट असून १९६१ मध्येच तेथून वीज मिळू लागली होती.

दोन्ही प्रकल्पांची किंमत मात्र वेगवेगळ्या माणसांनी मोजली. कोयनेच्या शिवसागराखाली गावे गेली आणि तेथील कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळला. कुरोबेत ती किंमत प्रामुख्याने कामगारांनी प्राणांनी दिली. मुंबईतील गिरण्या असोत की ओसाकातील कारखाने, दूरच्या शहरातील दिव्यामागे कोणता तरी डोंगर आणि कोणती तरी माणसे उभी असतात.

जाताना ध्यानात ठेवावे असे

तोक्योहून नागानोपर्यंत शिन्कान्सेन आणि तेथून बसने ओगिसावा, किंवा शिनानो-ओमाची स्थानकातून सुमारे ४० मिनिटांच्या बसप्रवासाने ओगिसावा, असे दोन सोयीचे मार्ग आहेत. रंगाच्या दिवसांत गर्दी असते, त्यामुळे तिकीट आधी काढणे आणि सकाळी लवकर निघणे श्रेयस्कर. ऑक्टोबरअखेर सकाळी कडाक्याची थंडी असते आणि वरच्या टप्प्यांवर बर्फ पडू शकतो. लोकरीचे कपडे, पावसाळी अंगरखा आणि ओल्या पानांवर न घसरणारी पादत्राणे जवळ असावीत. दरीत सूर्य लवकर मावळतो. शेवटच्या बसची वेळ आधी पाहून त्यानुसार परतावे.

या रानात काळे अस्वल वावरते. ते आपल्या हिमालयातील काळ्या अस्वलाच्याच जातीचे आहे. हिवाळ्यापूर्वी ते अन्नाच्या शोधात अधिक फिरते आणि जपानमध्ये अलीकडच्या वर्षांत अस्वलांच्या हल्ल्यांत वाढ झाली आहे. एकट्याने जाणे टाळावे, पिशवीला घंटी बांधावी, अन्न उघड्यावर टाकू नये. राष्ट्रीय उद्यानात फांदी तोडणे किंवा रोप उपटणे निषिद्ध आहे.

परतताना बहुतेकांच्या मनात घाई असते, कारण बस सुटायची असते. तरीही पूर्व टोकावरील स्मारकापाशी पाच मिनिटे थांबावे. तेथील नावे जपानी लिपीत आहेत. ती वाचता आली नाहीत, तरी किती आहेत हे पाहता येते.